आगमनकाळाचे पहिले चार उपदेश

उपदेशांची सुरुवात आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपासून करताय, उत्तम. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी मंडळीचं (चर्चचं) वर्ष सुरू होतं.

आधी चारही रविवारांचे शुभवर्तमान-पाठ (येशूच्या चरित्रातले उतारे) सलग वाचा. तीन वर्षांच्या पाठक्रमात (कोणत्या रविवारी काय वाचायचं याच्या यादीत) पहिला रविवार ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा, दुसरा-तिसरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. योसेफ किंवा मरीया चौथ्यालाच येतात. इथेच पहिली चूक होते: पहिल्याच रविवारी येशूजन्माचा गोठा आणि मेंढपाळ आणले, तर नाताळला सांगायला काय उरेल?

दुसरी चूक जास्त गंभीर: ‘पश्चात्ताप करा’ इथेच उपदेश थांबतो. नियमशास्त्र (देवाच्या आज्ञा) पाप दाखवतं, क्षमा देत नाही. शेवट सुवार्तेवरच (ख्रिस्तामुळे क्षमा मिते या आनंदवार्तेवरच) करा, आणि ख्रिस्त ‘तुमच्यासाठी’ आला हे स्पष्ट म्हणा.

- वेदीवर निळं किंवा जांभळं वस्त्र.
- ग्लोरिया (‘देवाला गौरव’ हे स्तुतिगीत) नाताळपर्यंत नाही. हालेलूया मात्र चालू.
- एका उपदेशाला एकच पाठ.

लेंटचं (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं) नंतर बघू.