क्रिकेट पाहणाऱ्याला चक्रावून टाकतील असे बेसबॉलच्या इतिहासातले आकडे कोणते?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: आकडे कोणते, आणि क्रिकेटवाल्याला ते पचतील का. पचतील. बेसबॉलचा स्कोअर मांडण्याची पद्धत ज्याने रुळवली तो हेन्री चॅडविक मुळात इंग्लंडात जन्मलेला, अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. त्यामुळे हा खेळही आपल्यासारखाच वहीवेडा आहे. मात्र त्यातले सर्वांत विचित्र आकडे कुणी किती जोरात मारलं यातून आलेले नाहीत. ते नोंद कुठल्या तारखेला, कुठल्या व्याख्येखाली झाली यातून आले आहेत. म्हणून आधी तेच सांगतो.

एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून. २६ जून २०२४, बॉस्टनचं फेनवे पार्क. दुसऱ्या इनिंगमध्ये टोरंटोचा डॅनी जॅन्सन बॅटिंगला उभा आहे. एक स्ट्राइक झाला (म्हणजे मारण्याजोगा चेंडू हुकला किंवा सोडला; असे तीन झाले की बॅटर बाद, तो 'स्ट्राइकआउट'), आणि पाऊस. पूर्वी पाच इनिंग व्हायच्या आत पाऊस आला तर खेळलेलं सगळं पुसून सामना नव्याने घेत. २०२० पासून असा सामना थांबला तिथूनच पुढे सुरू होतो. उरलेला खेळ २६ ऑगस्टला ठेवला, आणि मधल्या काळात टोरंटोने जॅन्सनला चक्क बॉस्टनलाच देऊन टाकलं.

२६ ऑगस्टला सामना त्याच क्षणावर परत सुरू झाला. जॅन्सनची अर्धवट बॅटिंग पुरी करायला टोरंटोने डॉल्टन वॉर्शोला पाठवलं. त्याच्या मागे ग्लोव्ह घालून उकिडवा बसलेला बॉस्टनचा कॅचर (आपल्या भाषेत विकेटकीपर) कोण, तर जॅन्सन! वॉर्शो स्ट्राइकआउट झाला. आता नियमातली बारकी खोच बघा. बदली बॅटर आला तेव्हा आधीच दोन स्ट्राइक झालेले असतील, तर तो स्ट्राइकआउट मूळ बॅटरच्या नावावर चढतो. एकच झाला असेल तर बदलीच्या नावावर. शिवाय स्ट्राइकआउटचा बळी कॅचरच्या खात्यात जमा होतो. म्हणजे जूनमध्ये पावसाआधी आणखी एक स्ट्राइक पडला असता, तर जॅन्सनने स्वतःच स्वतःला बाद केल्याची नोंद झाली असती. एका चेंडूने हुकलं.

पदार्पणाच्या आधीचा होमरन. हुआन सोटो वॉशिंग्टनकडून पहिल्यांदा खेळला २० मे २०१८ ला. त्याआधी १५ मेला वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क यांकीज यांचा सामना पावसाने थांबला होता. तो पुरा झाला १८ जूनला. त्या दिवशी सोटो बदली म्हणून बॅटिंगला आला, त्याने होमरन (आपल्या षटकारासारखा कुंपणाबाहेरचा फटका) मारला आणि त्यावरच वॉशिंग्टन जिंकलं. पण थांबलेल्या सामन्याची सगळी आकडेवारी मूळ तारखेलाच लिहितात. त्यामुळे वहीत सोटोचा हा होमरन १५ मेचा आहे, पदार्पणाच्या पाच दिवस आधीचा. १५ मेला तो खालच्या लीगमध्ये खेळत होता.

बारा इनिंग निर्दोष, तरीही हार. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये तीन बळी. पिचरने (म्हणजे गोलंदाजाने) सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर ओळीने, एकालाही बेसवर (धावेसाठी गाठायच्या टप्प्यांपैकी एकावरही) जाऊ न देता बाद केले तर तो 'परफेक्ट गेम'. पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने २६ मे १९५९ ला मिलवॉकीचे सत्तावीस नव्हे, ओळीने छत्तीस बॅटर बाद केले. पण त्याच्या संघाला धाव काही निघेना. पिट्सबर्गने मिलवॉकीच्या लू बर्डेटला बारा हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) मारले आणि धावा शून्य!

तेरावी इनिंग. पहिला बॅटर थर्ड बेसमनच्या चुकीच्या फेकीमुळे बेसवर पोचला. दुसऱ्याने बंट करून (बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढ्यात टाकून), स्वतःचा बळी देऊन, त्याला पुढे सरकवलं. मग हँक ॲरन आला, त्याला मुद्दाम चार वाईड चेंडू टाकून बेस देऊन टाकला. नंतरच्या जो ॲडकॉकने चेंडू कुंपणाबाहेर मारला. म्हणजे होमरन, तीन धावा? नाही. ॲरनला वाटलं चेंडू कुंपणाच्या आत पडला आणि सामना संपला, म्हणून तो सेकंड बेसवरून सरळ बाहेर वळला. ॲडकॉक पळत त्याच्या पुढे गेला. पुढच्या रनरला ओलांडणारा बाद, म्हणून होमरनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला आणि दुसऱ्या दिवशी निकाल १-० असा पक्का झाला. बारा हिट देणारा जिंकला आणि एकच हिट देणारा हरला. वर १९९१ मध्ये 'नो-हिटर'ची व्याख्या आवळली (सामना संपेपर्यंत एकही हिट नको) आणि हॅडिक्सचं नाव यादीतून गेलं. माझ्या मते एवढी निर्दयी कारकुनी दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल.

दोनदा मोजलेला सामना. १९१० मध्ये सर्वोत्तम ॲव्हरेजवाल्याला (ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले संधी) चाल्मर्स कंपनी मोटार देणार होती. शर्यत डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलंडचा नॅप लाजवे यांच्यात. कॉब कुणाला आवडायचा नाही. शेवटच्या दिवशी सेंट लुइसच्या मॅनेजरने आपल्या थर्ड बेसमनला इतकं मागे उभं केलं की लाजवेने नुसते बंट टाकत जावेत. दोन सामन्यांत त्याला आठ हिट मिळाले, बहुतेक बंटच. तरी अधिकृत निकाल: कॉब ०.३८५, लाजवे ०.३८४. कंपनीने भांडण नको म्हणून दोघांनाही मोटार दिली.

सुमारे सत्तर वर्षांनी संशोधकांनी जुनी पानं तपासली, तर कॉबचा एक सामना (तीन संधींत दोन हिट) दोनदा चढवलेला निघाला. दुरुस्ती केली तर लाजवे पुढे जातो. लीगने दुरुस्ती नाकारली, म्हणून आजही कॉबचे एकूण हिट कुठे ४१९१ दिसतात तर कुठे ४१८९. याची झळ पीट रोझच्या सर्वाधिक हिटच्या विक्रमालाही लागते. ११ सप्टेंबर १९८५ ला त्याने सिनसिनाटीत स्वतःच्या प्रेक्षकांसमोर ४१९२ वा हिट मारला आणि जल्लोष झाला. ४१८९ खरे धरले, तर विक्रम तीन दिवस आधी, ८ सप्टेंबरला शिकागोतच मोडला होता. तिथे कुणी फटाकेही लावले नाहीत.

असाच एक जुना गोंधळ: १८८७ मध्ये वॉकसुद्धा, म्हणजे चेंडू खराब पडल्यामुळे फुकट मिळालेला बेससुद्धा, हिट म्हणून मोजत. त्यामुळे टिप ओ'नीलचं त्या वर्षीचं ॲव्हरेज ०.४९२ छापलं गेलं. आजच्या हिशेबाने ते ०.४३५.

उलट दिशेचं, आणि न्याय्य, उदाहरण जॉश गिब्सनचं. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडू वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळत. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला आणि त्याच एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनने ती भिंत फोडली. मे २०२४ मध्ये त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले गेले आणि गिब्सनचं कारकिर्दीचं ॲव्हरेज ०.३७२ ठरलं. कॉबचं ०.३६७. म्हणजे मृत्यूनंतर सत्याहत्तर वर्षांनी गिब्सन पहिल्या क्रमांकावर आला.

आता निव्वळ आकडे, ज्यांत कारकुनाचा हात नाही:

जो डिमॅजिओ कारकिर्दीत ३६९ वेळा स्ट्राइकआउट झाला आणि त्याने होमरन मारले ३६१. आजचे होमरनवाले एका वर्षात दीडशे-दोनशे वेळा स्ट्राइकआउट होतात. डिमॅजिओ १९४१ च्या अख्ख्या सीझनमध्ये फक्त १३ वेळा झाला.

स्टॅन म्युझियलचे ३६३० हिट: घरच्या मैदानावर १८१५, बाहेर १८१५.

हँक ॲरनचे ७५५ होमरन काढून टाका, तरी ३०१६ हिट उरतात. होमरनसाठी प्रसिद्ध असलेल्या या माणसाने एकाही सीझनमध्ये ५० होमरन मारलेले नाहीत.

बेब रुथने १९२० मध्ये ५४ मारले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या (दोन मोठ्या लीगपैकी एक) दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत.

रिकी हेंडरसनने १४०६ बेस चोरले (म्हणजे फटक्याची वाट न बघता पळत पुढचा बेस गाठला). दुसऱ्या क्रमांकाच्या लू ब्रॉकचे ९३८. मधलं अंतर ४६८, आणि एवढे चोरणं ही सुद्धा कुणाची चांगली अख्खी कारकीर्द झाली असती.

क्रिकेटवाल्याला सर्वांत अजब वाटेल तो बॅरी बाँड्सचा आकडा. २००४ मध्ये त्याला १२० वेळा मुद्दाम बेस देऊन टाकला. म्हणजे त्याला खेळूच द्यायचं नाही, त्यापेक्षा फुकट बेस परवडला. बाँड्स सोडून इतर कुणाचा एका सीझनमधला तोपर्यंतचा विक्रम होता ४५. पण कळस त्याआधीचा, २८ मे १९९८, फिनिक्स. नववी इनिंग, दोन बळी गेलेले, ॲरिझोना ८-६ ने पुढे, तिन्ही बेस भरलेले आणि समोर बाँड्स. बेस भरलेले असताना वॉक दिला की प्रतिस्पर्ध्याला आयती धाव मिळते. मॅनेजर बक शोवॉल्टरने तीही दिली आणि ८-७ झाले. पुढच्या बॅटरने, ब्रेंट मेनने, चेंडू मारला तो सरळ राइट फील्डरच्या हातात. ॲरिझोना एका धावेने जिंकलं.