वीस पोत्यांचा शब्द

प्रश्न : नागपुरात धरमपेठेत माझा कॉफी भाजून विकण्याचा छोटा व्यवसाय आहे. गेली 9 वर्षे मी चिकमगळूर जिल्ह्यातील एकाच कुटुंबाकडून दरवर्षी अरेबिका जातीच्या कॉफीची 50 किलोंची 20 पोती घेतो. बाजार पडला त्या वर्षीही मी ठरलेलाच भाव दिला. माझ्याशी व्यवहार करणारे गृहस्थ आता थकले असून कारभार त्यांच्या मुलाकडे गेला आहे. गेल्या हंगामात भाव चढताच त्याने मला 10 पोती पाठवली आणि उरलेली गावातल्या व्यापाऱ्याला दिली. शिवाय आलेला मालही मे महिन्यात फिका लागू लागला. हे नाते टिकवावे, की दुसरा मळा शोधावा?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाते टिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र ज्या बोलीवर ते आजवर चालले, ती बोली आता पुरणार नाही. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिकाने 1977 चा उच्चांक मोडला आणि ब्राझीलमधील दुष्काळ हे त्याचे एक मोठे कारण होते. त्या मुलाच्या दारात व्यापारी चढा भाव घेऊन उभा होता आणि आपला भाव जुन्या हंगामात ठरलेला होता. त्याने आधी आपल्याला विचारायला हवे होते, हे खरेच; तरीही याला मी फसवणूक म्हणणार नाही, कारण त्याने निम्मी पोती आपल्यासाठी राखून ठेवली.

त्याच्या बाजूचा हिशेब पाहा. मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्याचा पाऊस वेळेवर आला नाही, तर पुढच्या हंगामाचे पीक हातचे जाते. खोडकिड्याने पोखरलेले अरेबिकाचे झाड उपटून नष्ट करावे लागते आणि त्याच्या जागी लावलेले रोप पहिले पीक द्यायला तीन-चार वर्षे घेते. पिकलेली तेवढीच फळे खुडायची असल्यामुळे मजुरांना एकाच झाडाकडे अनेकदा परतावे लागते, आणि साधारण सहा किलो फळांतून एक किलो हिरवी, म्हणजे न भाजलेली, बी हाती येते. इतका काळ पैसा अडकवणाऱ्या माणसाला एका वर्षाच्या चढ्या भावापेक्षा दरवर्षी नक्की येणारे गिऱ्हाईक अधिक मोलाचे असते. पण ते गिऱ्हाईक चढत्या बाजारातही त्याचा वाटा मान्य करील, अशी खात्री त्याला कोणीतरी द्यावी लागते.

आपल्याकडे काटोल-कळमेश्वर भागात संत्र्याचा बाग झाडावरच विकला जातो. गारपीट झाली की सौदा मोडायला येणारा व्यापारी आणि नुकसान सोसूनही ठरल्याप्रमाणे तोडणीला येणारा व्यापारी, हे दोन्ही तिथले बागायतदार वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. बाजार पडला त्या वर्षी आपण दुसऱ्या प्रकारचे व्यापारी ठरलात. ही आपली खरी जमा आहे, ती रागाच्या भरात उडवू नका.

आता नवी बोली. एकच भाव न बांधता एक किमान भाव ठरवा, ज्याच्या खाली बाजार गेला तरी आपण उतरणार नाही. बाजार त्याच्या वर गेला, तर वाढीतला किती भाग त्यांना मिळेल तेही आधीच लिहून ठेवा. आधार म्हणून केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाच्या दैनिक अहवालातले भाव घ्या, म्हणजे कोणाच्या ऐकीव आकड्यावर वाद होणार नाही. हे बोलणे तोडणीच्या वेळी करू नका, फुलोरा होऊन पिकाचा अंदाज आल्यावर करा. नोव्हेंबरात मजुरी चुकवायला रोकड लागते तेव्हा काही रक्कम आगाऊ द्या; उरलेले पैसे उशिरा मिळाले तरी चालतील, पण ही उचल वेळेवर मिळाली पाहिजे. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : फक्त ‘ए’ दर्जाचे, म्हणजे मोठे, दाणे निवडून उरलेला माल त्यांच्या गळ्यात टाकू नका. बारीक दाणाही घ्या, कारण चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळलेल्या फिल्टर कॉफीत तो उत्तम चालतो.

चव फिकी पडल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यापूर्वी आपले गोदाम तपासा. हिरव्या बीत साधारण 10 ते 12 टक्के ओलावा असावा लागतो. नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास पोचतो तेव्हा पत्र्याखाली उघड्या तागाच्या पोत्यातली बी वाळत जाते आणि तिचा गंध उडतो. पोत्याच्या आत हवाबंद पिशवी घाला, पोती जमिनीपासून उंच आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. माल येताच थोडा नमुना भाजून चव नोंदवून ठेवली असेल, तर दोष मळ्यातला की आपल्याकडचा, हे मे महिन्यात ताडून पाहता येते.

त्या मुलाशी फोनवर भांडू नका, प्रत्यक्ष जा. त्यांच्याच मळ्यातली, आपण भाजलेली कॉफी न्या आणि सर्वांनी मिळून तिथे ती करून प्या. अनेक बागायतदारांना आपल्या मालाची शेवटची चव कधी कळतच नाही. 9 वर्षांच्या पावत्यांची वहीही सोबत असू द्या. बाजारापेक्षा आपण जास्त भाव दिला त्या वर्षाचे पान वडिलांच्या समोर मुलाला दाखवा, कारण तेव्हा कारभार त्याच्याकडे नव्हता आणि ते वर्ष त्याला बहुधा माहीतच नसेल.