खोली घेण्याआधी भिंत बघ

अगं, बेळगावात शिकायला येतेस, तर टिळकवाडीत स्वस्त खोली दिसली म्हणून लगेच ॲडव्हान्स देऊ नकोस. राणी चन्नम्मा विद्यापीठ भुतरामहट्टीला, महामार्गावर. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, मच्छेला, खानापूर रोडवर. वर्ग कुठं भरतात ते आधी बघ, मग गल्ली ठरव.

सरकारी वसतिगृहाचा अर्ज मात्र पहिल्यांदा टाक. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐनवेळी धावपळ होते.

खोली बघायला भर पावसात जा. बेळगावच्या पावसात खरी खोली कळते: पलंगामागच्या भिंतीला हात लाव, ओल असेल तर कपाटातल्या वह्यांनाही बुरशी येणार. नवा रंग दिसला तर जास्तच संशय घे. लाईटबिल वेगळं की भाड्यात, पाणी किती दिवसांनी येतं, हे मालकिणीला नको, वरच्या मजल्यावरच्या पोरींना विचार.

खानापूरची असशील तर पहिले काही महिने ये-जा करून बघ. 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. चंदगडच्या मैत्रिणीला हे सांगू नकोस, तिच्या आधारवर पत्ता महाराष्ट्राचा! मेसचे पैसे महिन्याचेच भर, आणि डिपॉझिटची पावती सहीसकट घे.