डिजिटल तंत्रज्ञानाचं धोरण सर्वांसाठी न्याय्य व्हावं म्हणून कायदे करणाऱ्यांनी काय करावं?

मी सुरुवात एका प्रश्नापासून करेन: कॉम्प्युटर चुकला, तर ते सिद्ध कोणी करायचं? ‘सर्वसमावेशक’ हा शब्द कुठल्याही कायद्याच्या प्रस्तावनेत घालता येतो. खरा कस इथे लागतो.

जादा दिला गेलेला सरकारी भत्ता कॉम्प्युटरने शोधून वसूल करणारी ऑस्ट्रेलियातली ‘रोबोडेट’ योजना घ्या. सरकारी भत्ता घेतलेल्यांचं वर्षभराचं उत्पन्न २६ पंधरवड्यांत सरसकट वाटलं जायचं. समजा, एखादी बाई सहा महिने बेकार होती, तेवढ्यापुरता तिने भत्ता घेतला आणि मग तिला नोकरी लागली. सरासरी काढली की बेकारीच्या पंधरवड्यांतही तिला पगार मिळत होता असं दिसणार. मग वसुलीची नोटीस. आणि जुन्या पगारपावत्या शोधून आणायच्या त्याही तिनेच! ही पद्धत न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असं चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं.

ब्रिटनमध्ये तर संसदेनेच वाट मोकळी केली होती. कॉम्प्युटरचा पुरावा द्यायचा तर तो नीट चालत होता हे दाखवावं लागेल, अशी अट १९८४ च्या कायद्यात होती. १९९९ मध्ये ती काढून टाकली. त्याच सुमारास पोस्टात ‘होरायझन’ ही हिशेबाची कॉम्प्युटर प्रणाली आली. तिने प्रत्यक्षात नसलेली तूट हिशेबात दाखवली आणि पोस्ट चालवणारे नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. कित्येकांनी पदरचे पैसे भरले, काही तुरुंगात गेले. त्यांच्या शिक्षा रद्द करायला संसदेला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. एक कलम गाळण्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

म्हणून कायद्यात हे हवंच: निर्णयाचं कारण साध्या भाषेत लेखी मिळावं, तक्रार निकाली निघेपर्यंत वसुली थांबावी आणि दाद ऐकणाऱ्या माणसाला निर्णय फिरवण्याचा अधिकार असावा. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या ‘जीडीपीआर’ या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात ‘केवळ’ यंत्राने घेतलेल्या गंभीर निर्णयांविरुद्ध संरक्षण आहे, पण तो ‘केवळ’ शब्द मला खटकतो. शेवटी कुणीतरी न वाचता ‘मंजूर’ दाबलं, तर त्याला माणसाचा निर्णय म्हणायचं का?

आता प्रवेशाबद्दल. माझा एक अंध मित्र ऑनलाइन अर्ज भरत होता. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा त्याचा स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ वाचत होता, कारण एकाही बटणाला नाव दिलेलं नव्हतं. तो अंदाजाने पुढे सरकला, तोवर वेळ संपली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. बटणाला नाव देणं हे काही मिनिटांचं काम आहे, पण सक्ती नसेल तर कोणी करत नाही. युरोपने बँकिंग, ऑनलाइन खरेदी अशा सेवांना जून २०२५ पासून ही सक्ती लावली. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटपासून दूरच होते, त्यामुळे अ‍ॅप जरूर आणा, पण कार्यालयातली खिडकी बंद करू नका.

मसुदा लोकांपुढे लवकर ठेवा. ब्राझीलने इंटरनेट हक्कांच्या कायद्यावर २००९ पासूनच खुल्या सूचना मागवल्या, कायदा २०१४ मध्ये झाला. आणि लोकप्रतिनिधींना स्वतःचे तज्ज्ञ हवेत. अमेरिकी काँग्रेसकडे १९७२ पासून असं कार्यालय होतं. १९९५ मध्ये त्याचा निधी बंद केला. मग समितीपुढे समजावून सांगायला उरतात ते बहुतेक कंपन्यांचेच लोक.