भास गेले, मग हा उठत का नाही?

स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचे आईवडील औषधं सुरू झाल्यावर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा येतात, तेव्हा तक्रार ठरलेली असते. कानातले आवाज थांबले, संशय ओसरला, आदळआपट नाही. "पण मॅडम, नुसता लोळून असतो. आंघोळीलाही दहादा सांगावं लागतं. आळशी झालाय, की गोळ्यांनी असा झालाय?" या प्रश्नापायी कित्येक घरांत नीट लागू पडलेली औषधं परस्पर बंद होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खालचं घर दोन-तीन घरांचं मिळून केलेलं आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. मुलगा २६ वर्षांचा, डिप्लोमा झालेला, चाकणला शिफ्टच्या नोकरीत असताना आजारी पडला. वडिलांचं म्हणणं सरळ होतं: "आजार गेला ना? मग कामावर जायला काय हरकत? साहेबांशी बोलून ठेवलंय, पुढच्या महिन्यात लावतो."

आजार गेलेला नव्हता, त्याची एक बाजू आटोक्यात आली होती. भास आणि संशय औषधाला लवकर दाद देतात. दुसरी बाजू म्हणजे उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, चेहऱ्यावर काही न दिसणं, आपण होऊन काही सुरू न करणं. ती औषधाने फारशी हलत नाही आणि रेंगाळते. पण प्रत्येक लोळणं तिच्याच खात्यावर मांडू नये. सकाळी डोकं जड आणि दुपारनंतर माणूस बरा, असं असेल तर बहुधा गोळीची गुंगी असते. रात्रीची गोळी अकराऐवजी साडेआठला चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. घरीच अर्धी करू नये. चाल मंदावली, चालताना हात हलत नाहीत, लाळ गळते, असं दिसलं तर तेही औषधाचंच, आणि त्यावर उपाय असतो. "आता जगून काय करू" असं कानावर आलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. भास गेल्यावर आपलं काय झालं हे माणसाला कळू लागतं, आणि तो काळ धोक्याचा असतो.

इथे गुंगी नव्हती, नैराश्यही नव्हतं. मग आईला एक वही घालायला सांगितली. तीन आठवडे कोणताही सल्ला द्यायचा नाही, नुसती नोंद करायची: किती वाजता उठला, कधी जेवला, तेव्हा घरात कोण होतं. शेवटचा रकाना लोकांना फालतू वाटतो. मी तो कधीच गाळू देत नाही.

वही आली. उठण्याची वेळ पावणेअकरा, अकरा, पावणेअकरा. मध्येच एका गुरुवारी साडेसात आणि शुक्रवारी आठ.

"या दोन दिवशी काय होतं?"

"हे गावाला गेले होते," आई म्हणाली. "चुलत्यांकडे बारसं होतं."

वडिलांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. "म्हणजे मी घरात असलो की हा उठत नाही?"

तोवर हो-नाहीपलीकडे न गेलेला मुलगा खाली बघत बोलला. "जाग सातलाच येते. तुम्ही हॉलमध्ये पेपर वाचत असता. बाहेर आलो की विचारता, आज काय करणार? मला माहीत नसतं काय करणार. साडेदहाला तुम्ही पतसंस्थेत जाता, मग उठतो."

रोज साडेतीन तास हा मुलगा टक्क जागा राहून पांघरुणात पडून होता. याला आळस कसं म्हणायचं? घड्याळ पाहून, बाहेरचा आवाज ऐकून, चप्पल वाजल्यावर उठणारा माणूस बेत आखत असतो. त्याची ताकद शिल्लक होती, ती एक प्रश्न टाळण्यात खर्च होत होती. घरातली हवा मोजल्याशिवाय पेशंटला मोजू नये, हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे, आणि अशा वेळी ते आणखी पक्कं होतं.

या मतामागे जुना अभ्यास आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या पुरुष पेशंटचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांचा आजार भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटला. पुढे १९७६ मध्ये व्हॉन आणि लेफ यांनी दाखवलं की सतत टीका होणाऱ्या किंवा अतिकाळजीच्या घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर राहणाऱ्यांना धोका अधिक. नंतरच्या अनेक अभ्यासांत अशा घरांतल्या साधारण निम्म्या पेशंटचा आजार वर्षभरात उलटला, शांत घरांत पाचातल्या एकाचा. चंडीगढच्या अभ्यासात टीका करणारी घरं लंडनपेक्षा कमी निघाली, हे आपल्याकडचं बलस्थान. घरच्यांमुळे आजार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. "हा मुद्दाम करतोय" असं वाटणारा माणूस टीका जास्त करतो, एवढंच. या वडिलांचंही तेच झालं होतं.

मग प्रश्नाच्या जागी काम आणलं. काम एक हवं, त्याची वेळ ठरलेली हवी आणि ते संपलं हे डोळ्यांना दिसायला हवं. साडेसातला डेअरीतून दुधाच्या दोन पिशव्या आणायच्या, दहा मिनिटांचं काम. त्या वेळी वडील फिरायला जाणार. एखादा दिवस चुकला तर त्यावर चकार शब्द नाही. दोन आठवडे हे जमलं की दळण. गिरणीवर थांबावं लागतं, चार शब्द बोलावे लागतात, म्हणून ते दुसरं. त्यानंतर मावसभावाचं मोटर रिवायंडिंगचं दुकान, आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास.

हे बिघडतं ते बहुतेक उत्साहापायी. चौथ्या दिवशी दुधाबरोबर किराणा आणि लाइट बिलही येतं. किंवा २६ वर्षांच्या मुलाला "शाब्बास माझा राजा" म्हणतात. त्यापेक्षा "दूध वेळेवर आलं, चहा लवकर झाला" एवढं पुरे. आईचा हात सुटणंही गरजेचं असतं. अंघोळीचं पाणी काढून देणं, ताट खोलीत नेणं ही माया असली तरी त्यातून निरोप जातो की तुला जमणार नाही.

चाकणची नोकरी तूर्त नको म्हटलं, कारण रात्रपाळी. झोप मोडली की हा आजार डोकं वर काढतो. गोळी कमी करणं आणि काम सुरू करणं एकाच महिन्यात कधी करू नये. बिघडलं तर कशामुळे हे कळत नाही. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागल्यावरही साधारण एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवतात, मग डॉक्टरच हळूहळू उतरवून बघतात. एकदम बंद केल्यावर कित्येकदा काही आठवडे काहीच होत नाही, आणि तिथेच घर फसतं.

एकट्याने हे ओढू नका. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा स्वमदत गट आहे, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था. तिथे शुभार्थी (म्हणजे पेशंट) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे घरचे) एकमेकांना भेटतात, आणि दुसऱ्या बापाने सांगितलेलं बापाला लवकर पटतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर सवलती आणि नोकरीतलं आरक्षण मिळू शकतं. लग्नात अडचण येईल म्हणून अनेक घरं ते काढत नाहीत. माझ्या मते तो निर्णय पेशंटला विचारून व्हावा.

या मुलाने स्वतःच्या धोक्याच्या खुणा एका कागदावर लिहिल्या: सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप, मोबाइल बंद करून ठेवणं, शेजारी माझ्याबद्दल बोलतात असं वाटणं. खुणा त्याच्या शब्दांत आहेत म्हणून वडिलांना वाद न घालता "यातली पहिली खूण दिसतेय" म्हणता येतं. खाली डॉक्टरांचा फोन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीही, म्हणजे उपचारांचे निर्णय घेताना पेशंटच्या बाजूने उभा राहणारा त्याच्या पसंतीचा माणूस, साध्या कागदावर लिहून सही करून नेमता येतो. त्याने साताऱ्याच्या बहिणीचं नाव घातलं. वडिलांना ते लागलं आहे, पण निवड कायद्याने त्याची आहे.