चाक घासू नये म्हणून गाडीचे प्लास्टिकचे फेंडर (चाकावरचे आच्छादन) कापण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे?
आपल्याकडे अँगल ग्राइंडर आधीच असला, तरी या कामासाठी तो शक्यतो बाजूलाच ठेवावा, कारण बहुतेक प्लास्टिक बंपर आणि काही फेंडर पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या मिश्रणाचे असतात, ते साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळते, आणि मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणारी चकती ते कापण्याऐवजी वितळवत जाते. मग वितळलेला थर मागे पुन्हा चिकटतो. माझी पहिली पसंती वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ऑसिलेटिंग मल्टी-टूलला आहे, कारण त्याचे पाते फिरत नाही, केवळ थरथरते, आणि त्यामुळे अरुंद जागेतही हाताचा ताबा सुटत नाही. लांब, सौम्य वळणासाठी जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची विजेची करवत) सोयीची, मात्र पात्यामागे मोकळी जागा हवी. छोटे रोटरी टूल कोपऱ्यांपुरतेच ठीक.

वेग मध्यमाहून कमी ठेवावा. कापण्यापूर्वी मास्किंग टेपवर रेघ आखावी, फेंडरच्या मागून जाणाऱ्या वायरी तपासाव्यात आणि रेघेच्या थोडे अलीकडेच कापावे; चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, सस्पेन्शन दाबलेल्या स्थितीत घासते का ते पाहून मगच उरलेला भाग काढावा. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच.