दार उघडं ठेव

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बॉडी स्कॅन, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे क्रमानं लक्ष नेणं, चालू असताना समुपदेशनाला आलेली तुझी क्लाएंट एकदम गप्प झाली, नजर भिंतीवर खिळली, हात गार पडले. आणि तू मात्र कार्यशाळेत शिकवल्याप्रमाणे ‘आता खांद्यांकडे लक्ष न्या’ म्हणत राहिलीस. हे लपवलं नाहीस, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

माझ्या हातून हेच घडलंय. किल्लारीजवळच्या गावातली एक बाई माझ्याकडे यायची. ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी पोर होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, गाव दमून झोपलेलं. तिकडची जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जाड छत. उन्हापासून राखणारी तीच माती अंगावर आली. माझी तिची गाठ पडली तेव्हा ती दोन मुलांची आई होती. पहिल्याच भेटीत मी म्हणाले, “डोळे मिटा, खोल श्वास घ्या.” तिला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. पदर तोंडाशी धरून ती बाहेर निघून गेली. पुढच्या खेपेला उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, “ताई, डोळं मिटलं की तोंडात माती येती.”

तेव्हापासून मी कुणालाही आपणहून डोळे मिटायला सांगत नाही. श्वासानंही सुरुवात करत नाही. घाबरलेलं माणूस ‘खोल श्वास’ म्हटलं की भराभर हवा आत ओढतं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि त्याला वाटतं, आता काही खरं नाही. श्वास वापरायचाच तर पुढे कधीतरी, आणि सोडण्यावर भर देऊन. सावकाश सोडलेल्या श्वासानं हृदयाची गती उतरते.

सुरुवात बाहेरून कर. खोलीत काय दिसतंय, पाय कुठे टेकलेत, पाठीला कशाचा आधार आहे. खुर्ची तिला निवडू दे, आणि दार तिच्या पाठीमागे येऊ देऊ नकोस. नजर हरवली की तंत्र तिथेच सोड. नावानं हाक मार, आज वार कोणता ते सांग, उठून चार पावलं चाला म्हण, हातावर गार पाणी घेऊ दे. ती परत आल्यावर ‘काय आठवलं?’ विचारण्याची घाई करू नकोस. त्या दिवशी तेवढंच पुरे.

त्या बाईला मी विचारलं होतं, दिवसभरात जीव थाऱ्यावर कधी असतो? म्हणाली, भाकरी थापताना. झालं, आमचं सगळं काम त्या तळहातांपासून सुरू झालं. छातीवरचं दडपण अर्धा मिनिट न्याहाळायचं, मग लगेच तळहातांकडे यायचं. पुन्हा थोडं तिकडे, पुन्हा इकडे. आघातावर शरीरामार्फत काम करण्याची पद्धत मांडणारे पीटर लेव्हिन यांनी या ये-जा करण्याला पेंड्युलेशन म्हटलंय. तिला ते नाव कधी सांगावं लागलं नाही. तुलाही ‘सेन्सेशन कुठे जाणवतंय’ असं विचारायची गरज नाही गं. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, काळजात धस्स होतं, जीव कासावीस होतो. आपली माणसं शरीराबद्दल किती नेमकं बोलतात! त्यांचा शब्द पकड आणि तोच वापर.

स्पर्शाबद्दल मी कडक आहे. शिकाऊ काळात अजिबात नको. विशेषतः लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईच्या खांद्यावर मायेनंही हात ठेवू नकोस. तिच्या शरीराचं कुणीतरी तिला न विचारता ठरवलं होतं. शिवाय ‘चालेल का’ विचारलं तरी समुपदेशकाला नाही म्हणणं किती जणींना जमतं? ‘मी ओरडले का नाही’ हा प्रश्न तिला पोखरत असेल, तर तिला सांग की भीतीच्या टोकाला शरीर गोठतं, आवाज फुटत नाही; ती संमती नव्हती. मी पाहिलंय, एवढं ऐकल्यावर काहीजणी कितीतरी दिवसांनी नीट रडतात.

आणि दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर विसंबू नकोस. पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं यांवर काम) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारानं आघाताच्या आठवणींवर काम) यांच्यामागे जेवढं संशोधन उभं आहे, तेवढं केवळ शरीरावर काम करणाऱ्या पद्धतींमागे अजून नाही. म्हणून त्या जोडीला ठेव, इलाज म्हणून विकू नकोस. छातीत धडधडतं म्हणणारीला आधी डॉक्टरांकडे पाठव. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासलेलं असू दे.

पुढच्या भेटीत तिला आधी एवढंच विचार: मागच्या वेळी मी थांबायला हवं होतं, थांबले नाही, आता थांबायचं असेल तर तुम्ही मला कसं कळवाल? हात वर करून, पाय आपटून, कसंही. मग ती खूण एकदा करून बघा, काहीही चालू नसताना. तिनं खूण केली की खरोखर थांब.

गुरुवारी सुपरव्हिजनला, म्हणजे तुझ्या कामाबद्दल माझ्याशी बोलायला ये. येताना तुझ्या नोंदी आण, आणि ती गप्प झाली तेव्हा तुझ्या स्वतःच्या अंगात काय होत होतं तेही लिहून आण.

तुझी,
ताई